न ओढलेली रेघ

"मग मोठा माणूस कोण येऊन गेला इथे, ते सांगा." मेदेरबेकने सूर्यफुलाचं बी दातांत फोडलं आणि टरफल फरशीवर थुंकलं.

सालकिनने ती फरशी तासाभरापूर्वी गुडघ्यांवर बसून पुसली होती. तिने टरफलाकडे पाहिलं, मग मेदेरबेकच्या टोकदार, चकचकीत बुटांकडे पाहिलं. जिल्ह्याच्या संस्कृती खात्यातला हा साहेब पस्तिशीचा असेल नसेल, पण पोट पुढे काढून असा उभा होता की जणू कोशबुलाकचं हे पोस्ट त्याच्या आजोबांनीच बांधलं.

"पोस्टमास्तर यायचे," ती म्हणाली. "घोडेवाले यायचे. आमची आई यायची."

"तसा नव्हे हो, एजे! मोठा. ज्याचं नाव काढलं की राजधानीतले लोक खुर्चीत ताठ बसतील." थोरल्या बहिणीला म्हणावं तसं 'एजे' तो तिला म्हणत होता.

"तसला कुणी कशाला कडमडेल इथे?"

"एजे, जरा आठवा ना," तालांत मध्येच म्हणाला. तालांत हा आत्ताचा पोस्टमास्तर. पन्नाशी उलटली तरी पंधरा-सोळा वर्षांनी लहान असलेल्या मेदेरबेकला तो थोरला भाऊ म्हणून 'बाइके, बाइके' करत होता आणि दर वेळी कमरेत थोडा वाकत होता. सालकिनला त्याची कीव यायची. आज कीव नव्हती, नुसती किळस होती. "बाइके आपल्या भल्याचंच सांगतायत. इमारत संरक्षित यादीत गेली नाही तर पाडणार. जागा कुणाच्या डोळ्यात भरलीय, माहितीय ना? तिथे किराण्याचं मोठं दुकान होणार."

"मग घाला यादीत. एकशे दहा वर्षांची इमारत आहे."

"नुसत्या वयानं काय होतं?" मेदेरबेक हसला. "म्हातारी तर माझी सासूपण आहे. यादीच्या अर्जात रकाना आहे, एजे. 'महत्त्वाची घटना किंवा थोर व्यक्ती.' तो रिकामा सोडला की अर्ज केराच्या टोपलीत."

सालकिनने छत्तीस वर्षं या पोस्टात पत्रं निवडली होती. निवृत्त झाल्यावरही किल्ली तिच्याकडेच राहिली, कारण दुसऱ्या कुणाला शेगडी पेटवता येत नव्हती. ती शेगडी म्हणजे या इमारतीचं काळीज. गोल, लोखंडी पत्र्याच्या अंगरख्यातली, छतापर्यंत गेलेली, आणि चार खोल्यांच्या भिंती जिथे मिळतात बरोबर तिथे बसवलेली. एका जाळात चारही खोल्या ऊबदार होत. तिचं तोंड मात्र बोळात उघडायचं, म्हणजे राख पत्रांवर उडणार नाही. बांधणाऱ्याने डोकं लावलं होतं. भिंती अडीच विटांच्या, विटा नदीपलीकडच्या दुंगान जमातीच्या भट्टीवाल्यांनी भाजलेल्या, खिडक्या उंच आणि अरुंद, छपराखाली विटांचीच दातेरी कड. एकोणीसशे अकरा सालच्या भूकंपात बाजार झोपला, दारूची वखार झोपली, पोस्टाच्या भिंतीतून नुसती मातीची चिमूट गळली. मागच्या अंगणात डाकेचे घोडे बांधायच्या कड्या अजून भिंतीत होत्या.

आणि त्या कड्यांच्या वर, मागच्या दाराच्या डाव्या हाताला, रेघा होत्या.

"घटना पाहिजे ना? घटना आहे," सालकिन म्हणाली. "या माझ्याबरोबर."

तिने दोघांना मागे नेलं. बोळात शेगडीच्या धुराड्यालगत भिंतीत एक हातभर खोल कोनाडा होता, त्याला काजळी काढायच्या झडपेसारखं छोटं लोखंडी दार. ती झडप कधी काजळीसाठी वापरलीच गेली नव्हती. "युद्धात काळे कागद यायचे ते इथे ठेवायचे," ती म्हणाली.

काळा कागद म्हणजे काय हे कोशबुलाकमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. कागद पांढराच असायचा. तुमचा मुलगा, तुमचा नवरा अमक्या गावाजवळ पडला, एवढंच त्यावर असायचं. सालकिनची आई बुरुल तेव्हा सतरा वर्षांची होती, आणि गावातले पुरुष आघाडीवर गेल्यामुळे डाकेची पिशवी तिच्या खांद्यावर आली होती. पण मरणाची बातमी अशी कुणी दारात उभं राहून हातात देतं का? ती रीत नव्हे. चार म्हाताऱ्यांनी त्या घरी जायचं, चहा घ्यायचा, गुराढोरांची विचारपूस करायची, आणि मग एकाने हलकेच, गाण्यातल्यासारख्या शब्दांत सांगायचं की हातावरचा ससाणा सुटला, आता रिकाम्या हाताकडे किती वेळ बघणार. घरातल्यांना तेवढ्यात कळतं. रडायला चार माणसं आधीपासून बसलेली असतात.

म्हणून बुरुल काळा कागद पिशवीत घालतच नसे. कोनाड्यात ठेवी. दर शुक्रवारी दुपारी सातिबाल्डी म्हातारा, ज्याला सगळे 'अता' म्हणजे वडीलधारा म्हणत, मागच्या दाराने येई, झडप उघडून जे असेल ते घेऊन जाई, आणि जाताना खिळ्याने बाहेरच्या विटेवर प्रत्येक कागदाची एक रेघ ओढी. रेघ म्हणजे पोच. बातमी उचलली, पोचवतो. दोघं एकमेकांशी बोलत नसत. बोलायचं काय?

"त्रेचाळीसच्या हिवाळ्यात सातिबाल्डी-अताच्या स्वतःच्या मुलाचा कागद आला," सालकिन मागच्या दाराबाहेर येऊन विटेवर बोट ठेवत म्हणाली. "आईने ठेवला कोनाड्यात. करणार काय? शुक्रवारी म्हातारा आला. बाकीचे दोन घेतले, त्यांच्या रेघा ओढल्या. तो एक वाचला, घडी घातली, परत ठेवला. रेघ ओढली नाही. पुढच्या शुक्रवारी पण तसंच. अठरा वर्षं, मरेपर्यंत. ही बघा, इथे बोटभर जागा मोकळी आहे. नंतरच्या रेघा त्याने ती जागा सोडूनच ओढल्यात."

तालांतने टोपी काढली होती. त्याचे दोन काका या भिंतीवर होते.

मेदेरबेकने मोबाइल वर धरून एक फोटो काढला, मग तो बघून नाक मुरडलं. "एजे, वाईट वाटतं हो ऐकून, खरंच. पण ह्यात नाव कुणाचं आहे? गावागावात मेलीत माणसं. हे असं भिंतीवर खरडलेलं समितीला दाखवलं तर म्हणतील आधी रंग मारून घ्या." त्याने उरलेली टरफलं घोड्यांच्या कड्यांखाली झटकली. "त्यापेक्षा मी सांगतो. जनरल झाबेलिन. मोठा प्रवासी. सगळे डोंगर मोजत फिरला. त्याने इथून तार पाठवली. तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं, आणि तिला जुन्या पोस्टमास्तरने. बास!"

"इथे तार तेरा सालात आली. हा झाबेलिन कधी मेला?"

मेदेरबेकने मोबाइलमध्ये पाहिलं. "दहा."

"म्हणजे मेल्यावर पाठवली का तार?"

तालांतला हसू फुटलं. ते त्याने लगेच खोकल्यात लपवलं.

"मग पत्र पाठवलं म्हणू," मेदेरबेक जराही न ओशाळता म्हणाला. "पत्राला काय, कधीही जातं. हे बघा, मजकूर तयार आहे. खाली सही तेवढी तुमची. तालांत-बाइके साक्षीदार." उंदराला मांजर साक्ष म्हणतात ते हेच.

सालकिनने कागद वाचला. 'माझी दिवंगत आई बुरुल हिच्याकडून मी स्वतः ऐकले आहे की...' आई आयुष्यात एक शब्द जास्त बोलली नव्हती. जे तिला ठाऊक होतं ते तिने त्या झडपेमागे ठेवलं आणि तोंड मिटून घेतलं. आता मेल्यावर तिच्या तोंडात ह्या बुटवाल्याचा जनरल कोंबायचा?

"नाही," ती म्हणाली.

"मग पाडतील," तो म्हणाला. "भिंतीसकट."

तीन दिवस गेले. तालांत रोज येऊन रडगाणं गायचा. चौथ्या दिवशी नगरपालिकेची माणसं फीत घेऊन अंगण मोजायला आली, आणि त्यांच्यातल्या एकाने घोड्यांच्या कडीला लाथ मारून "हे जुनं लोखंड किलोने जाईल" म्हटलं. सालकिन आत गेली. मेदेरबेकला फोन लावला.

"मागच्या भिंतीला हात लावायचा नाही. कोनाड्याला नाही. शेगडीला नाही."

"एजे! आईची शप्पथ. बोटसुद्धा लागणार नाही."

तिने सही केली. घरी जाऊन तीनदा चूळ भरली. तरी कुजकं मटण खाल्ल्यासारखी चव तोंडात राहिलीच. नवऱ्याने, कुबातने, विचारलं, "काय झालं गं?" तर म्हणाली, "आज मी आईला खोटं बोलायला लावलं." कुबातने तिच्यापुढे चहाचा वाडगा सरकवला. त्याला बायकोचा स्वभाव चाळीस वर्षांत कळला होता.

इमारत यादीत गेली. वसंतात पाट्या लागल्या, परांच्या बांधल्या गेल्या, दर्शनी भागावर खडखड सुरू झाली. सालकिन रोज सकाळी मागच्या दाराशी स्टूल टाकून बसे. कामगार तिला 'दरवान-एजे' म्हणू लागले. दोन महिने कुणी त्या भिंतीकडे फिरकलं नाही. मग जुलैत एक दिवस मेदेरबेक फुलं घेऊन आला. फुलं!

"एजे, तुमच्यामुळे सगळं झालं. खात्याने तुम्हाला सरोवराकाठी आरोग्यधामात बारा दिवस पाठवायचं ठरवलंय. गरम पाण्याची कुंडं, मालिश, तीन वेळ जेवण. कुबात-बाइकेंनापण."

सालकिनला संशय यायला हवा होता. पण तिचे गुडघे छत्तीस वर्षं गार फरशीवर झिजले होते, आणि कुबात हरखून इतका खुळ्यासारखा हसत होता की तिला नाही म्हणवेना. शिवाय हा शपथ घेऊन बसला होता, तीही आईची. आईची शप्पथ मोडणारा माणूस तिने अजून पाहिला नव्हता.

बारा दिवसांनी ती बसमधून उतरली आणि सामान कुबातकडे देऊन थेट पोस्टाकडे गेली.

पुढून पोस्ट सोनेरी झालं होतं. दातेरी कड चकाकत्या पत्र्याखाली गेली होती, उंच अरुंद खिडक्यांना पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चौकटी लागल्या होत्या आणि दारावर निळी काच. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असला थाट. ती वळसा घालून मागे गेली.

मागच्या भिंतीवर विटा होत्या. पण त्या विटा नव्हत्या. गुळगुळीत, सारख्या रंगाच्या, एकीसारखी दुसरी, विटेच्या छापाच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या. खऱ्या विटांवर विटांचं चित्र चिकटवलं होतं. घोड्यांच्या कड्या कापल्या होत्या. सालकिनने बोटाने टकटक केलं, आतून पोकळ आवाज आला.

"हे काढा," ती जवळच्या गवंड्याला म्हणाली. "खाली रेघा आहेत."

"कसल्या रेघा, एजे? आधी वाळूच्या फवाऱ्याने सगळी भिंत घासून घेतली. नाहीतर पट्टी धरत नाही," तो निरागसपणे म्हणाला. "अगदी नवीन करून टाकली होती."

आत शेगडीच्या जागी गोल चट्टा होता, नव्या फरशीने भरलेला. भिंतीला खोली तापवणारे पांढरे पत्रे लागले होते. कोनाड्यात इंटरनेटचा डबा बसवला होता. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

सालकिन बाहेर आली, गटाराशी वाकली आणि ओकली. सरोवराकाठचं सकाळचं जेवण, दही, लोणी, सगळं. तालांत मागे येऊन उभा राहिला, पण पुढे यायची त्याची हिंमत झाली नाही.

"तू बघत होतास?" तिने तोंड पुसत विचारलं.

"बाइके म्हणाले, सगळं एकसारखं दिसायला हवं..."

"तुझे दोन काका होते तिथे."

तालांतच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण सालकिनला तेही ओशट वाटलं.

उद्घाटनाला दाराशी मेंढा कापला. फरशीवरचं रक्त नळीने धुऊन काढलं तरी कोपऱ्यात गुलाबी थारोळं साचून राहिलं, आणि त्याच्यावर माश्या. मानाच्या पाहुण्यांना मेंढ्याचं शिजवलेलं डोकं, जनरल झाबेलिनच्या नावाची काळ्या दगडाची पाटी, शाळकरी मुलींचा नाच. नगरप्रमुखाने भाषण केलं की आपण भूतकाळ जपतो. मेदेरबेकने सालकिनच्या खांद्यावर मखमली झगा घातला. थोरामोठ्यांना पांघरायचा मानाचा झगा, पण मखमल नकली. ऊन पडताच बगलेत रबरासारखा वास मारू लागला.

"दोन शब्द बोला, एजे," त्याने ध्वनिक्षेपक पुढे केला. "आईने काय सांगितलं होतं ते."

सालकिनने गर्दीकडे पाहिलं. पहिल्या रांगेत तुर्सुनचा नातू होता. तुर्सुन म्हणजे सातिबाल्डीची सून, त्याच मुलाची बायको. म्हातारा गेल्यावर चाळिसाव्या दिवसाचं जेवण उरकून दुसऱ्या दिवशी ती पोस्टात आली होती. सालकिन तेव्हा लहान होती, बुरुलच्या पायाशी खेळत होती. तुर्सुनने शांतपणे विचारलं होतं, "बुरुल, माझं काही आहे का गं?" आईने झडप उघडून तो कागद तिच्या हातावर ठेवला. तुर्सुनने तो उघडलाही नाही. छातीशी खोचला आणि म्हणाली, "अता होते तोवर कसं मागणार? त्यांना वाटत होतं मला माहीत नाही." तिनेही रेघ ओढली नाही. ती जागा तशीच राहिली.

"माझ्या आईने मला कधीच काही सांगितलं नाही," सालकिन ध्वनिक्षेपकात म्हणाली. "जे दाखवलं, ते तुम्ही घासून टाकलंत."

मेदेरबेकने ध्वनिक्षेपक काढून घेतला, "एजे भारावून गेल्यात," असं म्हणून हसला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! सालकिनने झगा काढला, घडी केली, जनरलच्या पाटीवर टाकला आणि आत निघून गेली.

पुढच्या सोमवारी मेदेरबेक एक कागद घेऊन पोस्टात आला.

"हे शेवटचं, एजे. 'काम माझ्या देखरेखीखाली, जुनेपण जपून, समाधानकारक झाले.' स्थानिक साक्षीदार म्हणून तुमची सही लागते. पहिल्या कागदावर तुमची आहे ना, मग ह्याच्यावरही तुमचीच पाहिजे. त्याशिवाय राजधानीत फाईल बंद होत नाही."

सालकिनने चष्मा लावला. कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. घडी घातली.

"तुझ्या आईचं कसं चाललंय?" तिने विचारलं.

"बरी आहे. का?"

"नाही, तिची शप्पथ घेतली होतीस."

मेदेरबेक पहिल्यांदाच जरा लाल झाला. "काम असंच चालतं, एजे. इमारत वाचली ना? उभी आहे ना? वाद कशाला घालता? पूर्ण सहीसुद्धा नको. एक रेघ ओढा इथे, बाकी मी बघतो."

त्याने पेन पुढे केलं. सालकिनने ते घेतलं नाही. घडी घातलेला कागद तिने मागच्या खिडकीच्या प्लॅस्टिकच्या कठड्यावर ठेवला आणि फरशी पुसायला खाली बसली.

"ओढणार आहात की नाही?"

"शुक्रवारी ये," ती म्हणाली.

तो शुक्रवारी आला. कागद तिथेच होता, बिनसहीचा. पुढच्या शुक्रवारी त्याने तालांतला विचारायला लावलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी चढ्या आवाजात फोन केला, किल्ली काढून घेईन म्हणाला. सालकिनने ऐकून घेतलं. किल्ली तशीही निरुपयोगी झाली होती. पेटवायला शेगडीच उरली नव्हती. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तो आला तेव्हा त्याच्या तोंडात बिया नव्हत्या. "दुसऱ्या कुणाची घेतली असती," तो तालांतला म्हणाला, "पण पहिल्या कागदावर म्हातारीची आहे. आता काय करू?" तालांतने खांदे उडवले. या वेळी तो कमरेत वाकला नाही.

हिवाळा आला. पांढऱ्या पत्र्यांनी पुढची खोली तेवढी तापायची, बाकीच्या तिन्ही गार. लोक मागच्या दाराने आत शिरताना सवयीने डावा हात भिंतीला लावत आणि गुळगुळीत प्लॅस्टिकवरून तो सटकला की मागे घेत.

सालकिन दर शुक्रवारी दुपारी बादली भरून येते. फरशी पुसते, खिडक्या पुसते. मागच्या कठड्यावरचा कागद उचलते, त्याच्या खालची धूळ टिपते, आणि पुन्हा तिथेच ठेवते.